गाळलेला 'व'

६ जानेवारी

प्रिय आत्या,

नमस्कार. आधीच सांगून टाकते, काम आहे म्हणून लिहितेय, उगाच "बरी आठवण झाली माझी" असा टोमणा मारू नकोस. फोनच करणार होते, पण मागच्या वेळी मी दहा मिनिटं घसा फोडून बोलले आणि शेवटी तू म्हणालीस, "कानातल्या यंत्रात नुसती शिट्टी वाजतेय गं, पत्र पाठव." म्हणून पत्र.

यंदा आमच्या इंजिनिअरिंगला नीतिशास्त्र असा एक विषय घातलाय. सगळे म्हणत होते, पास होण्यापुरतं करायचं आणि सोडून द्यायचं. पण शिकवणाऱ्या बाई भारी निघाल्या. पहिल्याच तासाला म्हणाल्या, प्रत्येकाने एक भूमिका-निबंध लिहायचा. पेच खरा घडलेला हवा, पुस्तकातला नको. "आणि तळ्यात-मळ्यात चालणार नाही. 'हेही बरोबर, तेही बरोबर' लिहिलंत तर वही परत. एका बाजूला उभं राहायचं आणि का उभे आहात ते सांगायचं." विषय दिलाय: जीव वाचत असेल तर नियम मोडावा का?

आम्ही साठ जण. त्यातले पाच निबंध वीस फेब्रुवारीला मोठ्या सभागृहात वाचायचे, घरच्यांना बोलावून. मला त्या पाचांत यायचंय आत्या. का, ते तुला खरं सांगते. बाबा अजून एकदाही माझ्या कॉलेजात आलेले नाहीत. प्रवेशाच्या दिवशी फाटकापर्यंत आले आणि तिथेच थांबले. "तू जा आत. मी शिलाई मशीनवाला, माझं काय काम?" एवढा राग आला होता मला! त्यांना पहिल्या रांगेत बसवून मला माझं लिहिलेलं वाचून दाखवायचंय. सभागृह पाचव्या मजल्यावर आहे आणि बाबा लिफ्टमध्ये पाय ठेवत नाहीत, पण चढतील बिचारे जिना. आम्ही त्यांना घाबरट म्हणून इतकं चिडवतो, ते नुसते हसतात.

तर तू हॉस्पिटलात तीस वर्षं काढलीस. असा एखादा पेच सांग ना. जरा झणझणीत असू दे. सारखी वाद घालते म्हणून तूच मला वकीलबाई म्हणतेस ना, मग वकिलाला खटला दे.

तुझी,
वकीलबाई


१४ जानेवारी

चि. वकीलबाई हिला पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा 'भूमिका' वाचून मला वाटलं, पोरगी नाटकात काम करतेय. म्हटलं चला, घरात एवढा थयथयाट करते तो कुठे तरी कामी आला! मग कळलं की निबंध आहे. आमच्या वेळी निबंध गायीवर असायचे, त्यात भूमिका गाय घ्यायची.

पेच हवा ना? घे. तुझ्या जन्माच्या आधीचा आहे. तेव्हा मी सातव्या मजल्यावर ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. इमारतीला स्ट्रेचर मावेल अशा दोनच लिफ्ट. एक आठवडाभर उघडून ठेवलेली, तिचे भाग यायचे होते. दुसरीच्या तपासणीला त्या सकाळी एक मेकॅनिक आला. तपासणीचा परवाना असलेला, पक्का माणूस. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत त्याने ब्रेक उघडला तर ब्रेकचं अस्तर, म्हणजे लिफ्टला धरून ठेवणारा थर, झिजून मर्यादेच्या खाली गेलेलं. नियम अगदी साधा: कुलूप घालायचं, पाटी लावायची, घरी जायचं. त्याने कुलूप हातात घेतलं आणि तेवढ्यात खाली गाड्या आल्या. जवळच्या कारखान्याचं छप्पर कोसळलं होतं. सतरा जखमी. थिएटर सातव्यावर. जिना असा अरुंद की वळणावर स्ट्रेचर उभा करावा लागे, आणि त्यातल्या कितीतरी जणांच्या पाठीचे मणके गेलेले. त्यांना उभं केलं असतं तर संपलंच.

कुणीतरी मशीनच्या खोलीत फोन केला की कुलूप घालू नका. त्याने नाही घातलं. सतराही जण वर पोचले. लिफ्टला काही झालं नाही. संध्याकाळी त्याने तपासणीच्या वहीत लिहिलं ते मला तोंडपाठ आहे, जसंच्या तसं देते:

"लिफ्ट क्र. २. ब्रेकचं अस्तर मर्यादेच्या खाली. बंद करायला हवी होती. चालवली."

खाली सही. त्या एका नोंदीपायी त्याचा परवाना गेला. आता ठरव, माणूस चूक की बरोबर.

एक सांगते. निबंध होईपर्यंत तुझ्या बाबाला दाखवू नकोस. त्याला वाचायचा कंटाळा आहे. आणि स्वेटर घालून बस, मागच्या फोटोत नाक लाल दिसतंय.

आत्या


२७ जानेवारी

आत्या!!

निवडला! साठातून पाच, आणि बाईंनी माझा पहिला घेतला! वर्गात म्हणाल्या, "हिने एका शब्दावर अख्खा खटला उभा केलाय." मी दिवसभर जमिनीवरच नव्हते. आईने शेजारच्या तिन्ही घरी सांगून झालंय आणि बाबा "येतो" म्हणालेत. स्वतःच्या तोंडाने! तुला आधी थँक्यू, कारण केस तुझी.

आता तो शब्द कुठला ते ऐक. मी आधी त्या मेकॅनिकच्या बाजूनेच लिहायला बसले होते. सतरा जीव म्हणजे काही गंमत नाही. पण मग त्याची नोंद पुन्हा पुन्हा वाचली. तुझ्या पत्रात एक चूक झाली होती, ती मी दुरुस्त करून घेतली. तू घाईत 'चालवली' लिहिलंयस. मेकॅनिक काही लिफ्ट चालवत नाही, तो तपासतो. आत बसलेला माणूस बटण दाबतो आणि ती चालते. म्हणजे मूळ नोंद असणार, "बंद करायला हवी होती. चालली."

आणि इथेच तो सापडला मला! 'चालली' म्हणे! जशी काही लिफ्टच मनाने उठली आणि फिरायला गेली. कर्ताच गायब. हा माणूस नियम मोडतो, आणि लिहिताना मात्र नामानिराळा राहतो. मी लिहिलंय की नियम मोडणाऱ्याकडे निदान "मी मोडला" म्हणण्याचं धैर्य हवं, ते याच्याकडे नव्हतं, म्हणून परवाना गेला तो योग्यच गेला. शेवटचं वाक्य आहे, "अशा हातांत कुणाचाही जीव देऊ नये." बाईंनी त्याच्याखाली दोन रेघा मारल्यात.

एक गंमत. तू दाखवू नको म्हणालीस, पण मी कागद टेबलावर विसरले आणि बाबांनी वाचला. कंटाळा कसला, उभ्याउभ्या सगळा वाचला. मी विचारलं, "कसा आहे?" तर म्हणाले, "भाषा चांगली आहे. एक अक्षर गेलंय तुझं." आणि चपला घालून बाहेर गेले. मी तीन दिवस शुद्धलेखन तपासतेय, ऱ्हस्व-दीर्घ सगळं बघितलं, मला तर काही सापडत नाही. तुला सापडतं का बघ, सोबत प्रत जोडलीय.

तुझी जमिनीपासून दोन फूट वर असलेली,
वकीलबाई


२ फेब्रुवारी

वकीलबाई,

आशीर्वाद आज मागाहून देईन. आधी कान पकड.

तुझं गेलेलं अक्षर मला पहिल्या पानावर सापडलं. 'व'. तूच खाल्लास तो, आणि वर मला सांगतेस की माझी चूक दुरुस्त केली! तीस वर्षं मी औषधांच्या चिठ्ठ्या उतरवल्या आहेत. एका अक्षराची चूक झाली असती तर माणसं दगावली असती. मी 'चालवली' लिहिलं कारण त्याने 'चालवली' लिहिलं होतं. नोंदीची कार्बनप्रत माझ्या ट्रंकेत आहे, एकवीस वर्षं.

आता नीट बसून वाच, उभ्याने वाचू नकोस. तो मेकॅनिक तुझा बाबा आहे.

मी त्याला शब्द दिला होता की तुला कधी सांगणार नाही. तुझ्या आईनेही दिलाय. तो शब्द आज मी मोडतेय आणि मोडलाय असं लिहूनही देतेय, म्हणजे तू मला नामानिराळी म्हणणार नाहीस. मला वाटलं होतं, नाव न सांगता गोष्ट सांगावी, पोरीने आपल्या बापाची बाजू आपल्या तोंडाने मांडावी आणि मग त्याला दाखवावी. माझा शहाणपणा! चांगलाच अंगाशी आला.

तुला वाटलं की मेकॅनिक लिफ्ट चालवत नाही. त्या दिवशी त्याने चालवली. त्याने आतली बटणं बंद करून टाकली आणि लिफ्ट गच्चीवरच्या खोलीतून हाताने चालवली. तिथे एक बटण असतं, दाबून धरलं की लिफ्ट मुंगीच्या पावलांनी सरकते, सोडलं की थांबते. त्याला आतलं काही दिसत नव्हतं. लोखंडी दोरांवर प्रत्येक मजल्याची पांढऱ्या रंगाची खूण असते, तेवढी बघून तो थांबवत होता. आणि त्याची अट होती, लिफ्टमध्ये कायम अर्धाच भार हवा, कमी नाही आणि जास्त नाही. तसं असलं की दोराच्या दुसऱ्या टोकाचं वजन आणि आपलं वजन सारखं होतं, ब्रेकवर ओझंच येत नाही. म्हणून स्ट्रेचर वर उतरवला की खाली जाताना लिफ्ट रिकामी सोडायची नाही, माणसं उभी करायची. मी उभी राहिले. वजन म्हणून! एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझा असा उपयोग कुणी केला नव्हता. सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत वर-खाली मिळून अडतीस फेऱ्या, आणि त्याने पाणीसुद्धा प्यायलं नाही, कारण बटणावरचा अंगठा काढायचा नव्हता.

चारनंतर व्यवस्थापक वर आला. पाठ थोपटली आणि म्हणाला, "वहीत 'चालू' लिहून टाका, उद्या नवं अस्तर बसवू, विषय संपला." वहीत दोनच शब्द लिहायची पद्धत होती, 'चालू' नाहीतर 'बंद'. 'चालू' लिहिलं असतं तर आजही तो लिफ्टच तपासत असता आणि कुणाला पत्ता लागला नसता. तुझा बाबा आयुष्यात कधी चालू नव्हता, त्याला ते लिहिता आलं नाही. त्याने तिसरा शब्द लिहिला. 'चालवली' म्हटलं की चालवणारा आला, आणि खाली त्याची सही आहे, पुऱ्या नावाने.

लिफ्टमध्ये तो घाबरून बसत नाही असं तुम्हाला वाटतं ना? तो आत शिरला की त्याचे कान वर मोटारीकडे लागतात, मग त्याला कुणाशी बोलता येत नाही. जिन्यावर गप्पा मारता येतात.

तो 'व' जिथून काढलास तिथे परत घाल. बाकी निबंधाचं तुझं तू बघ.

आता आशीर्वाद.
आत्या


९ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. बोललीस तू. मला वाटलंच होतं. रागावलो नाही. दोन दिवस रागावलो होतो, आता नाही.

पोरगी दोन दिवस जेवायलाही खाली मान घालून बसली. तिसऱ्या दिवशी दुपारी युनिफॉर्मच्या कारखान्यात माझ्याकडे आली. मी शिवणाच्या मशीनला तेल देत होतो. म्हणाली, "बाबा, लिफ्ट कशी चालते ते दाखवा." मी दोन बॉबिन घेतले, दोऱ्याला दोन टोकांना बांधले, खिळ्यावरून सोडले. एक बॉबिन लिफ्ट, एक वजन. अर्धा भार म्हणजे काय ते दाखवलं. तिने स्वतः दोन-चारदा करून पाहिलं. कापड कापणाऱ्या बायका हातातलं काम सोडून बघत होत्या.

मग ती माफी मागायला लागली. म्हणाली, सगळा निबंध फाडते, तुमच्या बाजूने नवा लिहिते, तुम्ही किती थोर ते लिहिते. मी म्हटलं, माझं कौतुक लिहिणार असशील तर मी येणार नाही. तुला सांगितलं नव्हतं ते याचसाठी. घरी शौर्यकथा करून सांगायची ती गोष्ट नव्हे. अस्तर खरंच झिजलेलं होतं. एखादा जीव गेला असता तर? तुला जे खरं वाटतं ते वाच. मी चुकलो वाटत असेल तर चुकलो वाच, मी समोर बसून ऐकेन.

मग तिने विचारलं, "बाबा, त्या स्ट्रेचरवरच्या माणसांना कुणी विचारलं होतं का?"

ताई, चौकशीत मला तीन दिवस बसवलं होतं. अस्तर किती जाडीचं होतं, परवानगी कुणी दिली, फेऱ्या किती, सगळं विचारलं. हा प्रश्न एकानेही विचारला नाही. मलाही एकवीस वर्षांत सुचला नाही. मी अंगठ्याचा विचार केला, दोराचा केला, वजनाचा केला. ज्यांना वर नेलं त्यांना विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. माझ्या पोरीच्या डोक्यात आलं. मी बॉबिन हातात धरून बसलो आणि मला इतका अभिमान वाटला की बोलता येईना. तिला वाटलं मला लागलं. लागलं वगैरे काही नाही. तू तिला लिही तसं. मला लिहायला जमत नाही.

ती आता वाचायचंच नाही म्हणते. बाईंना नाव मागे घेते असं कळवणार आहे. तू समजाव.

फोन कुणी केला होता ते मी तिला सांगितलेलं नाही. चौकशीतही नाही सांगितलं. तू काळजी करू नकोस.

तुझा भाऊ


१३ फेब्रुवारी

प्रिय वकीलबाई,

तुझ्या बाबाचं पत्र आलं. त्याने आयुष्यात एवढं लांब पत्र लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. तो म्हणतो, तुझ्या प्रश्नाने त्याला लागलं नाही, त्याचा ऊर भरून आला. हे त्याचेच शब्द आहेत असं नाही, पण अर्थ तोच. तो तुझ्यासमोर बोलणार नाही, म्हणून मी पोचवतेय.

आता माझं. गेल्या पत्रात मी तुला सगळं सांगितलं असं दाखवलं आणि एक गोष्ट झाकली. त्याआधीच्या पत्रात लिहिलं होतं, "कुणीतरी फोन केला." बघ, कर्ता कसा सफाईने गाळला! ते कुणीतरी म्हणजे मी. मशीनच्या खोलीतल्या फोनवर मी माझ्या धाकट्या भावाला ओरडून सांगितलं, "कुलूप घातलंस तर तोंड दाखवू नकोस मला." तो चौकशीत एकदाही म्हणाला नाही की बहिणीने सांगितलं. मी पुढे येऊन सांगायला गेले तर मला म्हणाला, "अंगठा माझा होता ताई." मग मी गप्प बसले. ते गप्प बसणं मला सोयीचं होतं. पुढे मी नऊ वर्षांनी सन्मानाने निवृत्त झाले, फुलं मिळाली, भाषणं झाली, आणि तो दुसऱ्या गावी शिलाई मशीन उघडत बसला होता.

आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर. कुणी विचारलं होतं का? आम्ही नाही विचारलं. पण त्यातल्या एकाने मला विचारलं. साधारण तुझ्या बाबाच्याच वयाचा होता, डोक्यापासून पायापर्यंत सिमेंटने पांढरा. लिफ्ट इतकी हळू सरकताना बघून म्हणाला, "सिस्टर, लिफ्ट ठीक आहे ना?" मी म्हटलं, "अगदी ठीक आहे." त्याने डोळे मिटून घेतले. तो वाचला, पुढे चालत घरीही गेला. तरी मी त्याला खोटं सांगितलं ते सांगितलंच. तुझ्या बाबाने वहीत खरं लिहिलं, आणि मी त्याच लिफ्टमध्ये खोटं बोलले. मला कुणी कधी काही विचारलं नाही. तूच पहिली.

तेव्हा नाव मागे घेऊ नकोस. वाच. त्यात ही सिस्टरही घाल. 'कुणीतरी' लिहू नकोस, 'सिस्टरने फोन केला आणि सिस्टर खोटं बोलली' असं लिही. मला वाईट वाटेल म्हणून तिळमात्र कमी करू नकोस. माझ्या भाचीने एवढा प्रश्न विचारला हे मी इथे दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना सांगून झालंय, आता तू माघार घेतलीस तर माझीच पंचाईत.

मी आले असते, पण तिथे बसून मला शिट्टीशिवाय काय ऐकू येणार? तू सगळं लिहून पाठव, एकही अक्षर न गाळता.

आत्या


२२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

वाचला. न गाळता सांगते.

आधी बाईंकडे गेले होते. म्हटलं, तुम्ही जो निबंध निवडला तो चुकीचा निघाला, मी एक अक्षर खाल्लं होतं. त्यांनी जुना आणि नवा दोन्ही वाचले आणि म्हणाल्या, "हा वाच. हा आधीच्याहून कठीण आहे." मी विचारलं, "बाजू तीच राहिली तर चालेल ना?" त्या म्हणाल्या, "तुला खरी वाटत असेल तर."

हो आत्या, बाजू तीच राहिली. तू चिडू नकोस. मी सभागृहात उभी राहून वाचलं की त्या मेकॅनिकने लिफ्ट चालवायला नको होती, निदान आतल्या माणसाला विचारल्याशिवाय नको होती. शुद्धीवर होते त्यांना विचारता आलं असतं, जे नव्हते त्यांच्या सोबतच्यांना विचारता आलं असतं. अर्धं मिनिट लागलं असतं. बहुतेक सगळे "चालेल" म्हणाले असते, पण ते म्हणायचा हक्क त्यांचा होता, आणि मेकॅनिक आणि सिस्टर या दोन चांगल्या माणसांनी घाईत तो घेऊन टाकला. मग मी वहीतली नोंद वाचली. "बंद करायला हवी होती." इथे थांबले. "चालवली." असा 'व' म्हटला की मागच्या रांगेतल्यांनाही कळावा. आणि सांगितलं की आधी मी हे अक्षर गाळून या माणसाला भित्रा ठरवलं होतं, आणि त्याने मात्र परवाना घालवला पण हे अक्षर गाळलं नाही. शेवटचं वाक्य बदललंय. "तो चुकला असं माझं मत आहे, आणि माझा जीव कुणाच्या तरी हातात द्यायची वेळ आली तर मी त्याच्याच हातात देईन." वाचताना आवाज फाटला, काय करू?

बाबा पहिल्या रांगेत बसले नाहीत, तिसऱ्या रांगेत अगदी कडेला बसले. इस्त्रीचा शर्ट घातला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर. मी एकदाच बघितलं. नंतर नाही बघितलं, नाहीतर वाचताच आलं नसतं.

मग प्रश्न सुरू झाले. एका मुलाने विचारलं, "हा निबंध त्या मेकॅनिकला दाखवला तर तो काय म्हणेल?" मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाबा उभे राहिले होते. माझे बाबा, जे दुकानात सुद्धा मोठ्याने काही मागत नाहीत! म्हणाले, "तो म्हणेल, हिचं बरोबर आहे. मी विचारायला हवं होतं." आणि खाली बसले.

क्षणभर कुणाच्या लक्षातच आलं नाही की 'तो'चा 'मी' झालाय. मग बाईंच्या आलं. त्या टाळ्या वाजवायला लागल्या आणि मग सगळं सभागृह. आई रडत होती आणि शेजारच्या बाईला सांगत होती, "आमचेच आहेत." मला इतका अभिमान वाटत होता ना आत्या, की मी व्यासपीठावर वेड्यासारखी हसत उभी होते. बाबांना कुठे बघावं कळेना, ते छताकडे बघत बसले.

निघताना मी म्हटलं, "चला, जिन्याने जाऊ." तर म्हणाले, "आज लिफ्टने जाऊ." आत शिरले आणि तुझं खरंच आहे, एक शब्द बोलले नाहीत. नुसते ऐकत होते. खाली पोचल्यावर म्हणाले, "ठीक आहे. अस्तर नवं आहे."

दारापाशी येणाऱ्यांची नोंदवही होती. मी सहज चाळली, कारण आता मला कुठलीही नोंदवही दिसली की उघडावीशी वाटते. बाबांची ओळ सगळ्यांत वर होती, वेळ सव्वानऊ, म्हणजे कार्यक्रमाच्या पाऊण तास आधी. मी काय वाचणार हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं, त्यांनी विचारलंही नव्हतं. व्यवसायाच्या रकान्यात इतकी वर्षं 'शिलाई मशीन दुरुस्ती' लिहितात, माझ्या शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर तेच आहे. इथे लिहिलं होतं, 'लिफ्ट मेकॅनिक'. आणि शेजारी, विद्यार्थ्याशी नातं: 'वडील'. पहिलं अक्षर पेन दाबून दोनदा गिरवलंय.

तुझी,
वकीलबाई